दुधाचे दात पडणारच, मग जपायचे कशाला? मुलांच्या दातांची गंमत आणि निगा

“दुधाचाच आहे ना, पडेल की!” मुलाच्या दाढेत काळा खड्डा दिसला की कुणीतरी घरात हे म्हणतंच. पुढचे पटाशीचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, हे खरं आहे. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ पुढची सहा-सात वर्षं तिथेच राहणार, मुलाला तिनेच चावायचं आणि दुखलं तर सोसायचंही त्यानेच. ती वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट उरत नाही. पुढे तारा लावायची वेळ येते ती पुष्कळदा यातूनच.

मोठ्यांना हे पटतं. पाच वर्षांच्या मुलाला मात्र “नाहीतर दात किडतील” या धमकीचं काहीच वाटत नाही, कारण त्याच्या लेखी ‘पुढे’ म्हणजे फार तर संध्याकाळ. त्याच मुलाला मगरीला किती दात असतात हे सांगा, ते आ वासून ऐकतं. आणि आ वासलेलाच असतो, तेवढ्यात ब्रश आत जातो! म्हणून या लेखात निगेच्या प्रत्येक पायरीसोबत मुलाला सांगायची एखादी गंमत दिली आहे. धाक घालण्यापेक्षा हा मार्ग सोपा पडतो.

पहिलं काम: आरसा, टॉर्च आणि मोजणी

रविवारी सकाळी मुलाला खिडकीशी उजेडात बसवा, हातात आरसा द्या आणि दात मोजायला लावा. दुधाचे दात एकूण २०. वर १०, खाली १०. प्रत्येक जबड्यात चार पटाशीचे, दोन सुळे आणि चार दाढा. उपदाढा दुधाच्या दातांत नसतातच, त्या थेट पक्क्या येतात. पक्के दात अक्कलदाढा धरून ३२.

पहिला दात बहुधा खालचा, मधला. तो साधारण सहाव्या महिन्यात दिसतो, पण वर्षापर्यंत वाट पाहायला हरकत नाही. अडीच-तीन वर्षांपर्यंत विसाच्या वीस आलेले असतात. वरचे दात आधी आले तर मामाला जड, असं आपल्याकडे म्हणतात. मामाने निर्धास्त राहावं, दात येण्याचा क्रम मुलागणिक थोडाफार बदलतो. दोन-तीन हजारांत एखादं बाळ तर दात घेऊनच जन्मतं. त्यात अपशकुन काही नाही. फक्त तो दात फार हलत असेल किंवा दूध पिताना टोचत असेल तर डॉक्टरांना दाखवायचा.

“दात येतायत म्हणून जुलाब होतायत” हा समज मात्र धोक्याचा आहे. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, बाळ किरकिर करतं. जुलाब आणि चढा ताप दातांमुळे येत नाहीत. त्या वयात बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, जंतू पोटात जातात, ते खरं कारण. जुलाब लागले की ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरांकडे जा. दातावर ढकलून थांबू नका.

आता मोजताना सांगायची गंमत. पहिलीतल्या मुलाच्या जबड्यात दिसणारे आणि हिरडीखाली दडलेले मिळून चाळीसच्या वर दात असतात. दुधाच्या दातांचे अंकुर आईच्या पोटात सहाव्या-सातव्या आठवड्यातच तयार व्हायला लागतात. आणि बाळ जन्मतं त्या दिवसाची खूण दातात राहते. पोटातलं जगणं संपून बाहेरचं सुरू होताना एनॅमलमध्ये, म्हणजे दातावरच्या कडक पांढऱ्या थरात, एक बारीक रेघ उमटते. एनॅमल रोज थोडं थोडं वाढतं आणि त्याच्याही सूक्ष्म रेषा पडतात, त्यामुळे शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजून दाताचे दिवस मोजू शकतात.

गावाकडच्या मुलांना दातावरून वय ओळखणं नवीन नाही. बैलबाजारात आधी बैलाचं तोंड उघडून पाहतात. दुधाचेच दात असतील तर तो आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही पक्के दात आले की जुळलेला. मुलाला सांगा, गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे नुसती कडक गादी असते. पुढच्या वेळी गोठ्यात गेलं की ते स्वतःच तपासून येईल.

सहाव्या दाताची पाळत

या मोजणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, आणि बहुतेक घरांत तोच निसटतो. सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे गुपचूप एक दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं कुणाला कळत नाही आणि कळलं तरी ती दुधाचीच वाटते. ती पक्की असते आणि जन्मभर पुरायची असते.

ओळखायची रीत सोपी आहे. समोरच्या दोन दातांच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मागे मोजत जा. एक, दोन, तीन, चार, पाच हे दुधाचे. सहावा दिसला की तो पक्का. पाचव्या वाढदिवसानंतर दर महिन्याला हे मोजा. ही दाढ उगवत असताना शेजारच्या दाढांपेक्षा ठेंगणी असते, त्यामुळे नेहमीसारखा फिरवलेला ब्रश तिच्यावरून निघून जातो. गालाच्या बाजूने ब्रश आडवा आत घालून ती वेगळी घासावी लागते. तिच्या माथ्यावरच्या खाचा खोल असतात, अन्न तिथेच अडकतं. दंतवैद्य त्या खाचा एका पातळ लेपाने बंद करून देतात, त्याला सीलंट म्हणतात. सुई नाही, दुखणं नाही. मला विचाराल तर मुलाच्या दातांवर एकदाच पैसे खर्च करायचे असतील तर ते इथे करावेत.

कीड म्हणजे काय, हे अंड्यावर दाखवा

दाताच्या खड्ड्यात किडा नसतो. जत्रेत दातातून अळी काढून दाखवणारे बसायचे, ती हातचलाखी. तोंडातले जंतू आपण खाल्लेली साखर खातात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल एनॅमलमधली खनिजं विरघळवतं. एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण, पण त्यात जिवंत पेशी नसतात. मोडलेलं हाड जुळतं, फुटलेलं एनॅमल पुन्हा उगवत नाही. दुधाच्या दातांवर ते पक्क्या दातांच्या साधारण निम्म्याच जाडीचं असतं. म्हणून मुलांची कीड भराभर आत शिरते.

प्रयोग असा करा. काचेच्या ग्लासात एक अंडं ठेवा, ते बुडेल इतकं पांढरं व्हिनेगर ओता. लगेच बुडबुडे दिसतील. एक-दोन दिवसांत कवच विरघळून नुसतं लिबलिबीत अंडं उरतं. मुलाला ते हळूच बोटाने दाबू द्या आणि आम्ल काय करतं ते सांगा. अर्ध्या अंड्याला टूथपेस्ट फासली की तेवढा भाग वाचतो, असे व्हिडिओ फिरतात. त्यावर विसंबून मुलांसमोर फजिती करून घेऊ नका. अंड्याचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, दात कॅल्शियम फॉस्फेटचा, दोन्ही सारखे वागत नाहीत.

आपल्याकडे या आम्लावर उताराही आहे: लाळ. मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आम्ल धुऊन काढते आणि निघून गेलेली खनिजं परत दातात बसवते. खाल्ल्यावर तोंड ताळ्यावर यायला तिला अर्धा तास तरी लागतो. झोपेत लाळ फार कमी होते. म्हणून दोन वेळांपैकी रात्रीचं घासणं जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे सकाळी काटेकोर आणि रात्री आळस, असं उलटं चालतं.

घासायचं कसं

पहिला दात दिसला त्याच दिवसापासून. त्याआधी ओल्या स्वच्छ फडक्याने हिरड्या पुसल्या तर बाळाला तोंडात बोट घेण्याची सवय लागते, एवढाच तिचा फायदा.

१. पेस्ट फ्लोराइडची, म्हणजे दाताला किडीपासून वाचवणाऱ्या खनिजाची घ्या. ट्यूबवर प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) छापलेलं असतं, ते साधारण १००० असावं. मुलांसाठी म्हणून मिळणाऱ्या काही रंगीत, स्ट्रॉबेरी चवीच्या पेस्टमध्ये ते निम्मंच असतं किंवा अजिबात नसतं. चित्रातल्या अस्वलाकडे नव्हे, मागच्या बारीक अक्षरांकडे पाहून निवडा.

२. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी दिसते तेवढी कधीच नाही. ट्यूब मोठ्यांच्याच हातात राहावी.

३. लहान मुलाला आडवं करून त्याचं डोकं मांडीवर घ्या, वरून सगळे दात दिसतात. मोठं मूल आरशासमोर उभं असेल तर आपण त्याच्या मागे उभं राहून त्याचं डोकं आपल्या छातीला टेकवा.

४. ब्रश हिरडीच्या कडेशी थोडा तिरका धरून लहान लहान गोल फिरवा. आधी बाहेरची बाजू, मग आतली, शेवटी चावण्याची. जोर नको. सगळं मिळून दोन मिनिटं.

५. फेस थुंकायला सांगा आणि तिथेच थांबा. खळखळून चूळ भरली की फ्लोराइडही वाहून जातं. ही सवय मोडणं घरातल्या मोठ्यांना जास्त जड जातं.

६. रात्री घासल्यावर फक्त पाणी. दूधसुद्धा नाही.

मुलाला स्वतः घासायची हौस असेल तर आधी त्याला घासू द्या, मग तुमचा हात फिरवा. बुटाची नाडी स्वतः नीट बांधता येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षांपर्यंत, त्याच्या मनगटाला हे काम पुरतं जमत नाही. नीट झालं का, हे पाहायला बीट चावायला द्या आणि एक चूळ भरायला लावा. जिथे थर राहिला असेल तिथे दात जास्त गुलाबी दिसतो. मुलं हा खेळ पुन्हा पुन्हा मागतात.

ब्रशची एक गोष्ट त्यांना हमखास आवडते. नायलॉनच्या केसांचा ब्रश १९३८ मध्ये आला. त्याआधीच्या ब्रशांना डुकराचे राठ केस असत. “ईईई” ऐकून झालं की ब्रश दर तीन महिन्यांनी किंवा केस फिसकटले की बदलायचा, हे त्याच दमात सांगून टाका.

दोन गोष्टी मुद्दाम सांगायला हव्यात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ ही कमाल मर्यादा. त्याहून जास्त असलेलं पाणी वाढीच्या वयात पोटात गेलं तर पक्क्या दातांवर पांढरे, तपकिरी डाग येतात, ते घासून जात नाहीत. अशा गावात आधी पाणी तपासून घ्या आणि पेस्टबद्दल दंतवैद्यांना विचारा. दुसरी गोष्ट मिश्रीची. आजी मिश्री लावते म्हणून नातवंडही बोट पुढे करतं, आणि कौतुकाने त्याला चिमूटभर दिलीही जाते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. दंतमंजनात तंबाखू घालायला भारत सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली आहे. आजीच्या डबीपुढे हा कायदा चालत नाही, तिथे घरातल्यांनीच बोलावं लागतं. राखुंडी आणि जाडसर लाल मंजन यांनी एनॅमल झिजतं, तीही मुलांना नकोत.

खाऊ: किती, यापेक्षा किती वेळा

स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात विपेहोल्म इथल्या संस्थेतल्या मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खाऊ घालून दात कसे किडतात ते पाहिलं गेलं. आज कुणी असा प्रयोग करू धजणार नाही, आणि धजू नयेच. पण त्यातून कळलेली गोष्ट जगभर मानली गेली: साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती चिकटून राहिली, याने जास्त नुकसान होतं.

म्हणजे पुरणपोळी जेवणात खाल्ली तर फारसं बिघडत नाही. सकाळी चहात बिस्किट, शाळेत क्रीमचं बिस्किट, घरी आल्यावर टोस्ट, खेळताना जेलीच्या गोळ्या, झोपताना साखर घातलेलं दूध, हे रोजचं चक्र लाळेला उसंतच देत नाही. बिस्किट आणि वेफर्स गोड लागोत की खारट, त्यांचा लगदा दाढांच्या खाचांत तासन्‌तास बसतो. गूळ आणि मध ‘नैसर्गिक’ असले तरी जंतूंना साखर ती साखरच. होमिओपॅथीच्या गोळ्या साखरेच्याच असतात आणि त्या दिवसातून चार-चार वेळा चघळल्या जातात, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. गोड सिरपचंही तेच. औषध बंद करायचं नाही, नंतर चूळ भरायला लावायची.

संक्रांतीला तिळगूळ खाऊ द्याच, पण जेवणासोबत, डबा दिवसभर उघडा न ठेवता. मधल्या वेळेला काकडी, गाजर, पेरू, साधं दही, पनीर, ताक. शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांच्या आतल्या मुलांना नकोत, घशात अडकतात. लिंबू, चिंच किंवा कैरी खाऊन दात आंबले असतील तर लगेच ब्रश करू नका, अर्धा तास जाऊ द्या.

ओठ उचलून पाहा

महिन्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचला. पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांत ती इथेच सुरू होते. या टप्प्यावर फ्लोराइडचा लेप आणि सवयी बदलून ती थोपवता येते, कधी मागेही फिरते. तपकिरी खड्डा पडल्यावर ते होत नाही.

दंतवैद्यांकडे पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत, दुखत नसतानाच. “त्रास दिलास तर इंजेक्शन देतील” असं चुकूनही म्हणू नका, त्या एका वाक्याने पुढच्या सगळ्या भेटी नासतात. दुधाच्या किडलेल्या दाढेतही सिमेंट भरता येतं, आतली नस बिघडली असेल तर तिच्यावर उपचार करून स्टीलची टोपी बसवता येते. दाढ काढावीच लागली तर जागा राखणारी तार मागून घ्या. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईतलं नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे मुलांच्या दातांसाठी वेगळा विभाग असतो. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेही दात पाहतं. त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तराच्या तळाशी राहू देऊ नका.

दात हलायला लागला की

आपला दात आपोआप कसा सुटतो, याचं मुलांना फार नवल वाटतं. खालून येणारा पक्का दात दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवतो. म्हणून पडलेल्या दाताला मूळ दिसतच नाही. जिभेने हलवू द्या, दोरा बांधून दाराला अडकवायची मर्दुमकी नको. पडल्यावर स्वच्छ कापूस किंवा रुमाल दहा मिनिटं चावून धरला की रक्त थांबतं.

कधी दुधाचा दात पडायच्या आतच त्याच्या मागे पक्का उगवतो आणि दोन रांगा दिसतात. खालच्या पुढच्या दातांत हे नेहमीचंच. दुधाचा दात हलत असेल तर थांबा, जीभ नव्याला पुढे ढकलते. तो अजिबात हलत नसेल तर दाखवून या. सात ते बारा वर्षांच्या दरम्यान वरच्या पुढच्या दातांत फट दिसते, दात मोठे आणि पसरलेले वाटतात. वरचे सुळे उतरले की ती फट पुष्कळदा आपोआप मिटते. तोवर आरशापुढे हिरमुसलेल्या मुलाला चिडवू नये, हे घरातल्या काका-मामांना सांगून ठेवा.

पडलेला दात कौलांवर फेकायचा आणि उंदीरमामाकडे नवा मागायचा, ही आपली जुनी रीत. स्पेनमध्ये पेरेझ नावाचा उंदीर उशीखालचा दात नेतो, फ्रान्समध्येही छोटी उंदरीणच येते. जपानी मुलं खालचा दात छपरावर फेकतात आणि वरचा जमिनीच्या दिशेला, म्हणजे नवा दात त्याच रोखाने सरळ वाढेल. उंदरालाच हे काम का? त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, कुरतडून झिजवले नाहीत तर त्याला खाताही येत नाही. शिवाय ते पिवळे-नारिंगी असतात, कारण त्यांच्या एनॅमलमध्ये लोह असतं.

बाकी प्राण्यांची यादी मुलाला जेवताना पुरवा. शार्कचे दात आयुष्यभर पडतात आणि मागच्या रांगेतून नवे येत राहतात. मगरीच्या तोंडात साठ-सत्तर दात असतात आणि तेही पडले की नवे येतात. हत्तीचे दाखवायचे दात म्हणजे वाढलेले पटाशीचे दात, आणि खायच्या दाढांचे आयुष्यात सहा संच येतात, तेही खालून वर नाही, मागून पुढे सरकत. शेवटची जोडी झिजली की म्हाताऱ्या हत्तीला चारा चावणं कठीण होतं. माणसाला मात्र दोनच संच.

पडून दात निखळला तर

क्रिकेटचा चेंडू, सायकल, शाळेचा जिना. पक्का दात मुळासकट बाहेर आला तर तो परत बसवता येतो, पण वेळ फार थोडा असतो. पहिल्या अर्ध्या तासात सर्वांत चांगला, तासाभरानंतर आशा झपाट्याने कमी होते.

मूल बेशुद्ध झालं असेल, उलट्या होत असतील तर आधी रुग्णालय. तसं नसेल तर दात शोधा आणि फक्त वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने काही सेकंदच धुवा. घासू नका, साबण नको, पुसूही नका. मूल शांत असेल तर दात त्याच्या जागी हलकेच बसवा आणि रुमाल चावायला द्या. ते जमलं नाही तर दात थंड दुधाच्या कपात टाका. कोरड्या कागदात गुंडाळू नका, साध्या पाण्यात ठेवू नका, त्याने मुळावरच्या पेशी मरतात. आणि तसेच निघा, वाटेत दंतवैद्यांना फोन करा.

दुधाचा दात निखळला असेल तर तो परत बसवायचा नाही, आतल्या पक्क्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते. दंतवैद्यांना मात्र दाखवायचंच. दात सापडलाच नाही आणि मुलाला खोकल्याची उबळ येत असेल किंवा श्वास लागत असेल तर तो श्वासनलिकेत गेला असू शकतो, थेट रुग्णालय गाठा.

परत बसवलेला पक्का दात शेजारच्या दातांना पातळ तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात. तेवढे दिवस मऊ भात, खिचडी, शिरा, मऊ ब्रशने हलकं घासणं आणि मैदानावर जायला सक्त मनाई.